आला आणि आले

पेन्सिलीनं काढलेलं ते वर्तुळ इतकं फिकट होतं, की चष्मा कपाळावर असता तर बाईंना ते दिसलंही नसतं — 'आला' या एका शब्दाभोवती, आणि समासात प्रश्नचिन्ह, तेही खोडून पुन्हा काढलेलं. वही दुसऱ्या बाकावरच्या मुलीची. शिक्षकांच्या खोलीत सगळे तिला शंकासुर म्हणतात. वहीतला मजकूर मात्र बाईंचाच, सकाळी इंग्रजीच्या तासाला त्यांनी समजावून सांगितलेला, शब्दन्‌शब्द: डॉक्टर आले. नावाडी आला.

अठरा वर्षं बाई ती जुनी अमेरिकन कादंबरी शिकवत होत्या. बत्तीस वर्षांचा गोरा डॉक्टर, साठीचा काळा नावाडी, पुरात उलटलेली होडी, आणि ज्यानं चौघांना पाण्यातून ओढून काढलं त्याच्यावरच आळ घेणारं गाव... या धड्याला मुलं हमखास गप्प होतात, एखादी डोळे पुसते, आणि बाईंना — का नाकारावं? — त्या गप्प वर्गाचा अभिमान वाटतो. मग त्या फळ्यावर लिहितात: माणूस कळतो तो त्याच्या बोलण्यातून, त्याच्या वागण्यातून, आणि इतर त्याच्याविषयी कसं बोलतात त्यावरून. तिसऱ्या मुद्द्याखाली दोन रेघा. वर्णद्वेष तिथंच लपलेला असतो, मुलांनो.

आणि सकाळी नेमक्या त्या दोन रेघा ओढून होताहेत तोच शंकासुर उभी राहिली होती.

"बाई, डॉक्टर 'आले', मग नावाडी 'आला' का? तो तर वयानं मोठा आहे ना?"

"पुस्तकात तसंच आहे. बस."

"पण इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे, बाई."

वर्ग हसला. बाईही हसल्या, उद्या सांगते म्हणाल्या, आणि तेवढ्यात घंटा झाली म्हणून वाचल्या. पुस्तकात तसंच आहे — धडधडीत खोटं, आणि तेही माझ्या तोंडून! कादंबरीकारानं दोघांना एकाच मापानं मोजलं होतं. दुसरं माप मी आणलं, आमच्या घरातून, लहानपणापासून कानावर पडलेलं, इतकं अंगवळणी पडलेलं की अठरा वर्षांत एकदाही टोचलं नाही. उद्या त्या पोरीला काय सांगू? आणि तिला सांगता आलं नाही, तर परत कोणत्या तोंडानं त्या दोन रेघा ओढू?

गंमत म्हणजे राग येत नव्हता. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि बाईंना चक्क बरं वाटत होतं — चांगलं पकडलं की कार्टीनं! आपण काहीतरी शिकवलं असल्याशिवाय का तिनं ते पकडलं? त्यांनी आपली टिपणांची वही उघडली, लाल पेननं 'तो' खोडून 'ते' केलं. मग 'धरतो'चं 'धरतात' झालं, 'त्याचा'चं 'त्यांचा', 'म्हातारा'... म्हाताऱ्याचं काय करायचं? एका शब्दाला हात लावला तर पानभर डागडुजी निघाली. बाई एकट्याच हसल्या.

बाहेर व्हरांड्यात चपला वाजल्या. शाळेचा शिपाई, मामा. दोन वर्षांत निवृत्त होईल. बाई इथं लागल्या तेव्हा त्याचे केस काळे होते. मामा म्हणतो आपण त्याला, सगळेच म्हणतात, अगदी प्रेमानं. मामा, खडू आण. मामा, पंखा बंद कर. मामा कुठं उलथला?... बाईंचा पेन थांबला. मामा म्हटलं की आपण सुटलो, असंच वाटत होतं ना मला? परवा नवा संगणकाचा मास्तर आला, पंचविशीचा पोरगा, त्याला पहिल्या दिवसापासून 'या, बसा'.

दारात मामा नोटिशीची वही घेऊन उभा होता. बाईंच्या ओठांवर सवयीचं 'ये' येऊन ठेपलं होतं. ते त्यांनी गिळलं. 

"या मामा. बसा जरा."

मामानं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. मग वही छातीशी धरून त्यानं हळूच विचारलं, "बाई, माझं काही चुकलं का?"

"नाही हो." चुकलं ते माझं, असं म्हणायचं होतं, पण तेवढं काही जमलं नाही. कान मात्र तापले. बाईंनी समोरची खुर्ची ओढून पुढं केली, नोटीस न वाचताच सही केली आणि वर पाहिलं.

मामा बसले नव्हते. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, बसावं की न बसावं अशा घोटाळ्यात ते उभे होते, आणि बाईंना वाटलं, उद्याचा तास आत्ताच असता तर बरं झालं असतं.