धवल्यातलं सरोजचं नाव

धवला अर्ध्यावर आला आणि डीजे सुरू झाला.

गाणं तुटलं, तुळसाबाई मांडवात तशीच उभी राहिली. गावदेवीचं नाव घेऊन झालं होतं, वेशीवरच्या देवाचं झालं होतं. आता घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाला बोलवायचं होतं. आगऱ्यांच्या लग्नात हे काम धवला गाणाऱ्या बाईचं, धवलारणीचं. ती गाण्यातून एकेकाला नावानं हाक मारते, तेव्हा ती माणसं मांडवात येतात.

नवरी उर्वी बाळकुमची. तिची आई सरोज दोन वर्षांपूर्वी गेली. काल हळदीला पोरगी कानाशी येऊन म्हणाली होती, "मावशी, आईला बोलवायला विसरू नका हां."

जांभळांची ही वाडी टिटवाळ्याच्या अलीकडे. तुळसाबाईच्या नवऱ्याने, धाकूने लावलेली. आता मुलगा हितेश आणि सून समृद्धी इथे जांभळाची वाईन करतात, इटालियन जेवण देतात, लग्नं लावतात. तुळसाबाई माळकरी, वाईनच्या पिंपांकडे फिरकत नाही. पण पिझ्झाची मातीची भट्टी तिने स्वतः थापलेली, आणि पेटवतेही तीच.

"हितेश, तो आवाज बंद कर."

"आई, दोनच मिनिटं ठरलेली. पॅकेजमध्ये लिहिलंय. धवला दोन मिनिटं, मग कपलची एंट्री."

"लिवलं कोनी?"

हितेशने मान खाली घातली. "मीच. अगं, व्हिडिओला तेवढाच लागतो."

"पोरीच्या आईला दोन मिन्टांत बसवलंस? बुवा कीर्तनात रंगले तर त्यांच्यासमोर बाजा लावशील काय रं?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? तिथं देवाला बोलवतात, इथं सरोजला. ती दारात उभी हाय!"

"नंतर बोलव ना. तीनशे माणसं पिझ्झ्यासाठी खोळंबलीत. भट्टीवर ये, प्लीज."

सप्ताहात बुवांनी सांगितलं होतं, राग आला की विठ्ठलाच्या पायाशी ठेवावा. तुळसाबाईने वर्षभर ठेवला. दारच्या तुळशीला सेल्फी पॉइंटची पाटी लागली तेव्हा ठेवला. देवघराच्या खोलीत वाईनची खोकी आली तेव्हाही ठेवला. आज त्या पायांशी जागाच उरली नव्हती.

ती भट्टीवर गेली. पाण्याचा हंडा उचलला आणि धगधगत्या तोंडात रिकामा केला.

धाडकन आवाज झाला. वाफेचा लोट उठला, भट्टी वरपासून खालपर्यंत तडकली. सिलिंडर फुटला असं वाटून माणसं पळाली. डीजेवाल्याने घाबरून मशीनच बंद केली.

त्या शांततेत तुळसाबाई ओल्या लुगड्याने मांडवात आली आणि जिथे तुटलं होतं तिथूनच गाऊ लागली. आवाज गोड नव्हता, रागाने फाटलेला होता. उर्वीच्या आज्याला, आजीला हाक मारली. मग म्हणाली, सरोजबाय, ये गो, तुझ्या लेकीचं लगीन हाय.

फुलांच्या गाडीत एंट्रीसाठी बसवलेली उर्वी खाली उतरली, तशीच गवतावर बसली आणि मोठ्याने रडली. तिचा बाप काळुराम हात जोडून उभा राहिला.

हितेश धावत आला. "आई, भट्टी गेली! आता लोकांना जेवायला काय घालू मी?"

"भात टाक," तुळसाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आनि मधी बोलू नको. अजून चार नावं राह्यलीत."