कडू दाणे

आमच्या घरात आखातातून आलेल्या वस्तूला नावं ठेवायची सोय नाही. माझा भाऊ उमेर मस्कतला नोकरीला. त्याने साबण पाठवला काय नि शहाणपण पाठवलं काय, अम्मा दोन्ही डोळ्यांना लावून घेते. अब्बांना आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा त्याने जर्दाळूच्या बियांतले दाणे पाठवले. ते खाल्ले की गाठ विरघळते, असं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, वेळेत केलं तर बरे होतील म्हणाले होते. अम्माने तारीख पुढे ढकलली.

ईदच्या खिरीसाठी बदाम सोलताना अम्मा एकेक कुरतडून बघायची आणि कडू निघाला की फेकायची. एक कडू बदाम अख्खं पातेलं घालवतो. आता तिने उलटंच सुरू केलं. गोडसर दाणे बाजूला, कडू तेवढे अब्बांना.

"औषध हाय ता, कडू असायचाच," म्हणायची.

वाटायचं काम माझ्याकडे. मी बी.एस्सी. आहे, हे सांगायची आता लाज वाटते. वाटताना नाकात उग्र वास जायचा, तरी मी मधात कालवून वाटी पुढे करायचे. घरात भांडण नको, एवढीच माझी अक्कल.

पंधराव्या दिवशी अब्बांनी वाटी दूर सारली. "झरीन, बस झाला गो. डोका गरगरताय."

तीस वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाला घेरी येते म्हटल्यावर तरी मी थांबायचं. अम्मा म्हणाली, गाठ विरघळतेय म्हणून त्रास होतोय, आणि दुप्पट दाणे काढून दिले. मी वाटले.

तासाभरात अब्बांना श्वास घेता येईना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी सोबत नेलेली दाण्यांची पिशवी डॉक्टरांनी बघितली.

"यातून पोटात सायनाइड तयार होतं. कोणी दिले?"

"मी," म्हटलं. अम्मा बाहेर तसबीहचे मणी ओढत बसली होती. दुपारी अब्बा गेले. मी तिला सांगितलं, कॅन्सरने गेले.

तिसऱ्या दिवशी उमेर आला. "मीच उशिरा पाठवले गो अम्मा," म्हणून लहान पोरासारखा रडला. मग बॅगेतून त्याने दाण्यांची नवी पिशवी काढली. अब्बांसाठी आधीच घेऊन ठेवली होती.

अम्माने ती डोळ्यांना लावली. "शेजारच्या कौसरच्या घोवाला पन गाठ निघालीय. झरीन, आत्ताच देऊन ये. त्याला तरी उशीर नको."

तेव्हा मला तोंड उघडावं लागलं.