फोनाच्या यादीत नसलेलं नाव

आमदारांच्या संपर्क कार्यालयातून रिकाम्या हातानं कुणी जात नाही, असं तालुकाभर बोललं जातं. ते खोटं नाही. येईल त्याच्या हातावर पत्र पडतं. साहेबांची सही, शिक्का, जावक नंबर, सगळं रीतसर. फक्त त्या पत्रावर काम होत नाही. काम होतं फोनावर. संध्याकाळी साहेबांचा पीए शिवशंकर पंधरा-वीस नावांची यादी घेऊन बसतो आणि एकेका हाफिसात फोन लावतो. ज्याच्यामागून फोन गेला ते पत्र, बाकीची रद्दी. हे तहसीलीतल्या शिपायालासुद्धा ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते फक्त पत्राची घडी पदरात बांधून नेणारीला.

ती यादी कार्यालयातला कारकून राजपाल काढायचा. आलेल्याचं मतदान कार्ड बघायचं, कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेल्या तक्त्यात त्याच्या बूथवर साहेबांना किती मतं पडली ते बघायचं, मग नाव यादीत घ्यायचं किंवा गाळायचं. नऊ वर्षं त्यानं हेच केलं. घरात बाबासाहेबांच्या फोटोला रोज हार घालून इथं येऊन हेच केलं.

जूनमध्ये त्याची सख्खी आत्या मालनबाई आली. तिची नात वृषाली बारावीला. एसटी त्यांच्या माळवस्तीसमोरूनच जायची, पण थांबा नव्हता. पोरीला चार किलोमीटर चालत फाट्यावर जावं लागायचं आणि तिथं मोटारसायकलवाल्यांचं टोळकं.

"बाप म्हनतो, एक दिस काय झालं की शाळा बंद," मालनबाई म्हणाली. "तेवढी गाडी दारात थांबव लेकरा. पोरगी शिकती, लई हुशार हाय."

राजपालनं तिच्यासमोरच पत्र टाइप केलं. माळवस्तीच्या बूथवर साहेबांना मतं पडली होती जेमतेम एकेचाळीस. तरी त्यानं मनात आणलं असतं तर नाव यादीत बसलं असतं. पण आदल्याच आठवड्यात त्यानं चुलतभावाच्या दाखल्यासाठी फोन लावायला सांगितला, तेव्हा शिवशंकर सगळ्यांदेखत हसला होता, "काय राजपाल, साहेबाचं हाफिस हाय का तुझ्या भावकीचं?" शिवशंकरच्या मेव्हण्याच्या शेतातल्या विजेच्या डीपीसाठी त्याच आठवड्यात तीन फोन गेले, तेव्हा भावकी कुणालाच आठवली नाही. पण राजपालला ते लागलं. त्यानं आत्याचं नाव गाळलं. स्वच्छ राहायची हौस! आणि ती फेडून घेतली कुणाच्या जिवावर, तर एका पोरीच्या.

मालनबाई पुढं तीनदा आली. दरवेळी राजपालनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि पहिल्या दोन्ही वेळी थाप मारली. "आत्या, पत्र वर गेलंय." मग, "आता नवरात्र हाय, गाड्या सगळ्या तुळजापूरला लावल्यात." दिवाळीनंतर आली तेव्हा तिच्या हातात पेढ्याची पुडी होती.

"वृषालीचं जमलं. सोनारीकडचं स्थळ हाय. अठरा पुरी झाली. तिचा बाप व्यंकट म्हन्ला, रोज त्या फाट्यावर उभी करन्यापरीस उजवून टाकू."

राजपालनं पुडी न उघडताच टेबलावर ठेवली.

"तू कशाला तोंड पाडतोस? तू पत्र दिलंस की," तीच त्याला समजावू लागली. "ते आगारातलेच मुर्दाड मेले."

तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गेल्यावर त्यानं शिवशंकरला न विचारता आगारात स्वतः फोन लावला. पलीकडचा साहेब आळसावून म्हणाला, "अहो, मग जूनमधीच फोन करायचा ना! पत्रं काय, आमच्याकडं पोत्यानं येत्यात. परवापासून थांबंल गाडी."

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

गाडी थांबली. माळवस्तीनं विहारात राजपालचा सत्कार ठेवला. अजून लग्नाला तीन आठवडे आहेत, काही फिरलं तर फिरलं, म्हणून तो गेला. वृषालीचा बाप व्यंकट शाल उलगडून पुढं आला, तसा राजपालनं त्याचा हात धरला.

"थांब व्यंकट. हे पत्र जूनपासून पडून व्हतं. फोन केला असता तर जूनमधीच गाडी थांबली असती. यादी म्या काढतो. आत्याचं नाव म्याच गाळलं."

मग मालनबाई बोलली.

"म्या चारदा आले. चारी बारीला तू मला चहा पाजलास."

"आत्या, चुकलं माजं. व्यंकट, आता गाडी दारात हाय. लगीन वर्षभर पुढं ढकल. पोरीला परीक्षा देऊ दे."

"आन् सोनारीच्या पावन्याला काय सांगू?" व्यंकटनं शाल गोळा केली. "फोनाला उशीर झाला म्हनून लगीन मोडतो, असं सांगू? तुमाला हाफिसात बसून ढकलायला बरं जमतं. आमची तारीख धरलीय."

मागं कुणीतरी हसलं. वृषाली भिंतीला टेकून उभी होती. राजपाल तिच्याकडं वळला.

"परीक्षेचा फॉर्म भरलास का गं?"

"न्हाय काका. बापूनं भरू दिला न्हाय." मग ती म्हणाली, "पर थांबा झाला ते बरं झालं. माहेराला यायला सोपं पडंल."

ती टोचून बोलली नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि राजपालला तेच सोसलं नाही.