सुरणाला आलेलं फूल

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास बेबीताईंना पहिल्यांदा वास आला. त्या अंगणात मोगऱ्याच्या कळ्या तोडत होत्या. दुसऱ्या दिवशी महागावचे पाहुणे त्यांच्या मुलीला, निकिताला पाहायला येणार होते, आणि बैठकीत कळ्यांची परडी ठेवायची असं त्यांनी ठरवलं होतं. दिग्रसच्या त्या नव्या वस्तीत बेबीताईंची बाग सगळ्यांना ठाऊक होती. दारात जाई, खिडकीखाली रातराणी, मागे गावठी गुलाब. बागेत त्या कुणाला हात लावू देत नसत.

वास कुजलेल्या मांसाचा होता. आधी त्यांना वाटलं, उंदीर मेला असेल. पण घटकाभरात तो इतका वाढला, की निकितानं घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

"आई, कुत्रं मेलं वाट्टे कुठंतरी."

निकिताचे वडील भगवानराव काठी घेऊन घराभोवती फिरले, नालीत वाकून पाहिलं. काही सापडलं नाही. वास मात्र मागच्या कोपऱ्याकडून, शेजारच्या कुंपणाच्या बाजूनं येत होता. कुंपणापलीकडे नलूताई राहत होत्या.

नलूताई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. एकतीस वर्षं खेड्यापाड्यांत बाळंतपणं केलेली बाई. त्यांचे यजमान डोमाजी एसटीत कंडक्टर होते, तेही आता निवृत्त. मूळचे फुलसावंगीचे, थोडी शेती अजून तिकडे होती. सहा वर्षांपूर्वी त्यांनी इथं घर बांधलं, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणंचालणं चांगलं होतं. भगवानरावांना बीपीची गोळी सुरू झाली, तेव्हा नलूताई रोज येऊन तपासून जात. पण त्यांच्या घरी बेबीताईंनी सहा वर्षांत पाण्याचा घोटही घेतला नव्हता. "आत्ताच झाला चहा," असं त्या दरवेळी म्हणत. नलूताईंच्या समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती, आणि बेबीताई कधी गेल्याच तर दारातूनच परत येत.

त्या दिवशी बेबीताई कुंपणाशी गेल्या आणि जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, "नलूताई, काही मेलं काय हो तुमच्याकडं? की मटणाचं काही टाकलं इकडं? उद्या पाहुणे येऊन राह्यले आमच्याकडं, अन् घरात उभं राहवत नाही."

नलूताई वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्यांनी हातातलं लुगडं घडी करून खांद्यावर टाकलं. "आमच्याकडं काही नाही मेलं, ताई. मटण तर महिन्याभरात आणलं नाही. मलेही वास येऊनच राह्यला दुपारपासून. थांबा, येतो मी."

त्या फाटकातून आल्या. कोपऱ्यात कढीपत्त्यामागे जुन्या खताचा खड्डा होता, भरून सपाट झालेला. दर पावसाळ्यात तिथं काहीबाही उगवे, पण तिकडे कुणी फिरकत नसे. पाचोळ्यावर हिरव्या-काळ्या माश्या घोंघावत होत्या. निकितानं नाकाला ओढणी लावली. नलूताईंनी काठीनं पाचोळा बाजूला केला.

जमिनीतून सरळ वर एक फूल आलं होतं. परातीएवढं, जांभळट तांबडं, कडा झालरीसारख्या मुरडलेल्या. मधोमध गडद जांभळा, सुरकुतलेला गोळा. देठ दिसतच नव्हता.

"अगं बाई!" निकिता मागे सरली. "हे काय हाये?"

"सुरणाचं फूल हाये," नलूताई म्हणाल्या. "माश्या याव्या म्हणून असा वास सोडते ते. मेलेलं काही नाही पोरी, हे जितं हाये."

"सुरणाला फूल येते?"

"दरवर्षी खणून काढला तर नाही येत. तीन-चार वर्षं कोणी हात नाही लावला, कंद मोठा झाला, की येते."

"पण आई, आपण सुरण कधी लावला?"

चार वर्षांपूर्वीची दिवाळी बेबीताईंना लख्ख आठवली. नलूताई शेतातला तीन-साडेतीन किलोचा सुरण पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. "घरचा हाये, चिंच घालून करा, घशाले खाजत नाही," असं सांगून गेल्या होत्या. बेबीताईंनी हसून पिशवी घेतली आणि नलूताई वळताच भगवानरावांना म्हणाल्या, "मागच्या खड्ड्यात टाका ते. त्यांच्या घरचं नको." भगवानरावांनी कुरकुर न करता टाकला. चार दिवसांनी नलूताईंनी विचारलं, तेव्हा बेबीताई म्हणाल्या होत्या, "लय छान झाली भाजी. यांनी दोनदा मागून घेतली."

नलूताई फुलाकडे पाहत होत्या. मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, भरलेल्या खड्ड्याकडे पाहिलं आणि शेवटी बेबीताईंकडे. फार वेळ नाही पाहिलं. बेबीताईंना मात्र मान वर करवेना.

"उपटून टाकू काय?" भगवानरावांनी विचारलं.

"नका. हात खाजतील, अन् तोडलं तर वास आणखी पसरते. याचा जोर दीड-दोन दिवसच असते. मोठं प्लास्टिकचं टोपलं हाये का घरात?"

निकितानं कपडे भिजवायचं टोपलं आणलं. नलूताईंनी ते फुलावर पालथं घातलं, कडेनं ओली माती दाबली, वरून दोन बारदानं भिजवून टाकली. गुडघ्यांवर बसून त्यांनी सगळीकडून हात फिरवून पाहिला, कुठं फट राहिली का. एकतीस वर्षांची सवय होती, काम अर्धं सोडायची नाही. उठताना त्यांना जरा कष्ट झाले. बेबीताईंनी हात पुढे केला, पण तोवर त्या कढीपत्त्याच्या खोडाला धरून उभ्या राहिल्या होत्या.

"उद्या बारदान वाळू देऊ नका," एवढंच म्हणून त्या गेल्या.

रविवारी पाहुणे आले. वास जवळजवळ नव्हता. मुलगा अमर शांत होता, महागावला कृषी केंद्र चालवायचा. त्याची आई मोगऱ्याचं कौतुक करून गेली. सगळं सुरळीत पार पडलं, पण बेबीताईंचं त्यात लक्ष नव्हतं. पोहे वाढताना त्यांची नजर सारखी मागच्या दाराकडे जात होती.

पाहुण्यांना एसटीत बसवून भगवानराव परत आले, तेव्हा बेबीताई चपला घालत होत्या.

"कुठं चालली?"

"नलूताईकडं."

भगवानराव म्हणाले, "मीबी येऊ काय? टाकला तर मीच होता."

"मी सांगितलं म्हणून टाकला. मलेच जाऊ द्या."

या वेळी त्या दारात थांबल्या नाहीत. आत जाऊन खुर्चीवर बसल्या. नलूताई चवळीच्या शेंगा मोडत होत्या. डोमाजी बाहेर गेले होते.

"गेले काय पाहुणे?"

"गेले. नलूताई, तो सुरण तुमचाच हाये. आम्ही खाल्ला नव्हता."

"समजलं मले काल."

"तुमच्या घरचा म्हणून नाही खाल्ला. अन् वरून खोटं बोलली मी."

नलूताईंचे हात थांबले नाहीत. शेंगा मोडायचा आवाज तेवढा येत राहिला. मग त्या बोलल्या, सावकाश, आवाज न चढवता.

"नोकरीत होतो तेव्हा लोकायच्या घरात पोरं काढली या हातानं. नाळ कापली की मग हात धुवाले पाणी वरून ओतत, अन् चहा वेगळ्या कपात देत. ते मले नवीन नाही. तुम्ही घेतला नसता ना सुरण, तरी मले काही वाटलं नसतं. पण तुम्ही भाजी छान झाली म्हणाल्या. मी घरी येऊन यांना सांगितलं, बेबीताईनं खाल्ली, अन् भाऊजींनी दोनदा घेतली म्हणे. आम्ही दोघं लय खूश झालो होतो त्या दिवशी. काल त्याचंच वाईट वाटलं."

बेबीताईंना रडू आलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. नलूताईंनी त्यांना उगी केलं नाही, शेंगा मोडत राहिल्या. डोळे पुसून बेबीताई म्हणाल्या, "चहा टाकता काय थोडा?"

"दूध नासलं आज उन्हानं."

"कोराच द्या मग."

नलूताईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग उठून चहा केला. दोघींनी तो घेतला. साखर जास्त झाली होती.

मंगळवारी टोपलं उचललं, तेव्हा फूल मिटून काळं पडलं होतं. पंधरवड्यानं तिथूनच एक जाड, ठिपक्यांचा दांडा वर आला आणि त्याच्या टोकाला छत्रीसारखं पान उघडलं. बेबीताईंनी भोवती विटांचं आळं केलं.

नलूताई पुढचे बरेच दिवस पूर्वीसारख्या मोकळ्या बोलल्या नाहीत. बेबीताईंनीही घाई केली नाही. त्या दिवसाआड जात, आत बसत, जे पुढ्यात येईल ते खात. एकदा कढी खारट झाली होती, तर त्यांनी तसं सांगून टाकलं. नलूताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

महागावचा होकार आला. निकितानं विचार करायला आठ दिवस मागून घेतले आणि भगवानराव वैतागले. त्या संध्याकाळी बेबीताई नलूताईंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होत्या.

"पोरगी कायले थांबून राह्यली?" नलूताईंनी विचारलं.

"माहीत नाही. मले तर सांगत नाही काही. तुमच्याशी बोलते ती, जरा विचारा ना."

"पाठवा उद्या तिले," नलूताई म्हणाल्या आणि फोडणीत मोहरी टाकली.