मेहुण्याच्या गाडीतला वास

मेहुण्याची जुनी गाडी घेण्यात स्टोअरकीपरचे तीन फायदे होते. बाजारात पडली असती त्याच्या निम्म्यात ती मिळाली. मागच्या सीटवर गोदामातले दोघे रोज येणार, म्हणजे पेट्रोल तिघांत वाटलं जाणार. तिसरा फायदा त्याने मनातच ठेवला होता. सहा वर्षं स्वतःच्या बहिणीशी, म्हणजे स्टोअरकीपरच्या बायकोशी, न बोललेला मेहुणा स्वतः किल्ली घेऊन दारात आला, तेव्हा आता तो आपल्या वजनाखाली राहील, असा त्याचा अंदाज होता.

पंधरा दिवसांत गाडीत कुबट वास यायला लागला.

"ओलं घोंगडं डब्यात कोंबल्यासारखं वाटतंय," मागे बसलेला अकाउंटंट म्हणाला.

"घोंगडं वाळतं तरी," शेजारचा टायपिस्ट म्हणाला. "साहेब, काच थोडी खाली घेऊ का? निदान जिवंत उतरू."

महिन्याभरात दोघेही बसने जाऊ लागले. पेट्रोलचा फायदा गेला, वर गोदामात गाडीला 'अत्तरदाणी' हे नाव पडलं.

स्टोअरकीपर हार मानणारा नव्हता. त्याने सीटवर खाण्याचा सोडा भुरभुरला, कोळशाच्या पुरचुंड्या ठेवल्या, कॉफीच्या वाट्या ठेवल्या. एक वाटी वळणावर सांडली. सुगंधी बाटली टांगली, तर कुबट वास नटूनथटून आला. रविवारी चारही दारं उघडून गाडी दिवसभर उन्हात ठेवली. सोमवारी वास ताजातवाना होऊन हजर. शेवटी तो काचा बंद करून रोज एसी फुल सोडू लागला. वास हाकलायचा तर वारा हवा, हा त्याचा हिशेब. शेजारी बायको चपला काढून, खांद्यावर ओढणी लपेटून बसायची. तिचा शिवणकारखाना वाटेतच होता.

"तुला येत नाही वास?"

"नाक चोंदलंय माझं."

"दोन महिने?"

"सर्दी काय तुमच्या स्टोअरला विचारून जाते?"

गाडी धुताना मात्र ती पुढे सरायची. "पुढचं मी पुसते. तुम्ही मागचं बघा. वाकलात की दोन दिवस सरळ होत नाही तुम्ही."

तिसऱ्या महिन्यात त्याचं डोकं फिरलं. "रविवारी गाडी तुझ्या भावाच्या दारात नेऊन उभी करतो. खराब माल आला की मी काय करतो? दोष लिहितो, सही घेतो, माल परत. पाहुणा असो की पुरवठादार."

ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "परत केलीत तर तो पुन्हा आपली पायरी चढणार नाही."

"मग तुझ्या भावासाठी मी जन्मभर नाक दाबून गाडी चालवू?"

शनिवारी तो दोष कागदावर लिहून घ्यायला मेकॅनिककडे गेला.

मेकॅनिकने आत डोकं घातलं, नाक वाकडं केलं आणि चालकाशेजारच्या सीटपुढची चटई उचलली. खाली कापडाचे तुकडे होते, नीट घड्या घालून एकावर एक रचलेले. शिवणकारखान्यात उरतात तसे. त्याने वरचा तुकडा पिळला. पाण्याची धार लागली.

"साहेब, इथे कोण बसतं?"

"बायको."

"एसी फार लावता का?"

"फुल. वास जावा म्हणून."

मेकॅनिकला हसू आवरेना. "अहो, एसीचं पाणी बाहेर जायची नळी तुंबलीय. तुम्ही जेवढा वास घालवलात तेवढं पाणी आत आलं." त्याने गाडीखाली झोपून नळीत तार घातली. चिखलाचा बोळा पडला आणि मागोमाग घमेलंभर पाणी. "गालिचा सोलून दोन दिवस वाळवा. गाडी सोन्यासारखी आहे. कागदावर काय लिहू?"

"काही नको," स्टोअरकीपर म्हणाला.

घरी आला तेव्हा ती पलंगावर बसून पायाला मलम लावत होती. त्याला पाहून तिने पाय आखडते घेतले. तरी त्याला दिसायचं ते दिसलं. बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या, टाचेला भेगा होत्या.

"पाणी येतंय हे बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी गाडी नेऊन दिली असतीत."

"पाच मिनिटांचं काम होतं ते."

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मला वाटलं, गाडीच खराब निघाली."

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. गाडी कशी चालते, म्हणून विचारत होता. तीन महिन्यांत स्टोअरकीपरने या फोनसाठी बरीच वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. बायको मलमाची डबी हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"उत्तम चालते," तो म्हणाला. "कसलीच तक्रार नाही. रविवारी जेवायलाच ये ना."

मेहुण्याला काही द्यावं लागलं नाही. मेकॅनिकने तारेचे पैसे घेतले नाहीत. स्टोअरकीपरच्या वाट्याला फोनवरची दोन वाक्यं आली, आणि तेवढीही त्याला जड गेली. बाकी सगळी रक्कम तिने आधीच भरली होती, रोज थोडी थोडी, चपला काढून.