माझ्या पोटातलं पाणी कुठं गेलं?

मी एक जुना प्लास्टिकचा ड्रम आहे, मित्रांनो. निळा म्हणवत नाही आता, उन्हानं रंग पार उडवलाय. सध्या मुक्काम मुकुंदवाडीत, माझ्या मालकाच्या, हनुमानच्या घरामागं, नव्या संडासाच्या स्लॅबवर. डोक्यावर ऊन आणि पायाखाली संडास. या वयात जरा बरी जागा मिळायला हवी होती, पण ड्रमाचं ऐकतो कोण?

चितेगावच्या एका कंपनीत मी पातळ साबण भरून आलो. साबण संपला तसं मला कुंपणाशी फेकून दिलं. तेरा सालच्या दुष्काळात खंडेराव नावाच्या मेंढपाळानं मला तिथून उचलून वस्तीवर नेलं. त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, मला राखेनं सात वेळा घासलं. तरी पहिल्या पाण्याला फेस आलाच. मेंढरांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं.

त्या वर्षी माझ्याएवढा मान घरात जावयालासुद्धा नव्हता. टँकर यायचा, रेटारेटी व्हायची, आणि मी भरलो की कस्तुराबाई माझ्या तोंडावर पाट ठेवून वर बसायची. मग वाटणी. आधी मेंढरं, मग पोरं, मग नवरा. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर ती दोन घोट घ्यायची. नाही उरलं तर पदरानं ओठ पुसून कामाला लागायची. मी हे रोज बघत होतो.

पुढं खंडेराव गेला, मेंढरं विकली. त्यांच्या पोराला, हनुमानला, शेंद्र्याच्या कंपनीत काम लागलं आणि त्यानं मुकुंदवाडीत दोन खोल्या बांधल्या. टेंपोत सामानाबरोबर मीही आलो. मला वाटलं, शहरात पाण्याची ददात नसेल. कसलं काय! गल्लीत घरांवर घरं चढत गेली आणि नळ आठव्या दिवसावर गेला.

कस्तुराबाईचे गुडघेही तोवर कामातून गेले होते. एका सकाळी ती जुन्या संडासात बसली ती उठेचना. लाजेपायी हाकही मारीना. शालूनं, तिच्या सुनेनं, शेवटी कडी काढायला लावून तिला उठवलं. त्याच आठवड्यात हनुमाननं खास आईसाठी कमोड बसवायचं ठरवलं. एकोणीसच्या पाडव्याला काम झालं. कचरू प्लंबरनं माझ्या पोटाला भोक पाडलं, नळी जोडली आणि मला स्लॅबवर चढवलं. "दोनशे लिटर हायेत. एकट्या आजीला आठ दिवस आरामात," तो म्हणाला. पहिले दोन आठवडे मी पुरलोही.

तेव्हाच कधीतरी मी कस्तुराबाईला गवंड्यानं टाकलेली अर्धी वीट पदराखाली घेऊन आत जाताना पाहिलं. टाच घासायला नेत असेल, असं मला वाटलं.

मग मी चौथ्याच दिवशी रिकामा व्हायला लागलो. बिचारी शालू हौदातून बादल्या भरून शिडीनं वर आणायची. हौदही तळाला गेला. एक दिवस तिसरी बादली ओतताना ती दमून खाली बघत म्हणाली, "आत्याबाई, किती येळा पानी सोडता हो?"

वाईट मनानं बोलली नाही ती. पण कस्तुराबाईचा चेहरा पडला. "तीनदाच सोडते गं माय," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं पाणी पिणं तोडलं. प्यायलं नाही म्हणजे जावं लागणार नाही, असा तिचा हिशोब. शालू तांब्या भरून हातात द्यायची. ही वरून एक घोट घ्यायची आणि शालूची पाठ फिरली की उरलेलं माठात परत ओतायची. माठ मागच्या ओट्यावर, माझ्या अगदी समोर. मला सगळं दिसायचं. ओरडावंसं वाटायचं हो! पण मला तोंड आहे ते फक्त भरण्यापुरतं.

घरात मात्र चोराचा शोध सुरू झाला, आणि पहिला चोर कोण? मी! "ह्यो म्हातारा ड्रमच गळतोय. भंगारात द्या," शालू म्हणाली. इतक्या वर्षांच्या चाकरीचं हे फळ. कचरूनं माझ्याखाली जुने पेपर अंथरले. सकाळी पेपर कोरडे ठणठणीत. कुणी माफी मागितली नाही ते सोडा. मग कचरूला भिंतीतल्या नळीचा संशय आला. त्यानं चार नव्या फरश्या फोडल्या. आतलं सिमेंटही कोरडं.

"फ्लशची टाकी बघितली का?" हनुमाननं विचारलं.

"नवीकोरी टाकी हाय दादा, तिला काय धाड भरलीय? म्या सोता बसवलीय," कचरू म्हणाला आणि हत्यारं गोळा करून गेला. टाकीचं झाकण त्यानं उघडलंच नाही. आपल्या हातच्या कामावर माणसाचा फार विश्वास, दुसऱ्याच्या जुन्या ड्रमावर अजिबात नाही.

मे महिन्याच्या एका दुपारी कस्तुराबाई कपडे काढायला अंगणात आली आणि दोरीखालीच कोसळली. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. शालू किंचाळत धावली. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. ती परत येईल का, हे मला स्लॅबवरून कोण सांगणार? दोन दिवस घर बंद होतं आणि दोन दिवस माझ्यातलं पाणी तसंच कुठंतरी जात होतं.

तिसऱ्या दिवशी ती आली, हनुमानच्या खांद्यावर हात टाकून, सुईनं हात सुजलेला. "डॉक्टर म्हनला, पानीच नाय पोटात. आई, कामून पीत नव्हतीस गं?" हनुमान विचारत होता आणि रडत होता. कस्तुराबाई फक्त स्लॅबकडं बघत राहिली. तेवढ्यानं शालूला कळलं. ती तिथंच ओट्यावर मटकन बसली.

हनुमाननं कचरूला बोलावून घेतलं. या वेळी कचरू मान खाली घालून आला. माझ्यावर कोळशानं पाण्याची रेघ मारली आणि फ्लशकडं जाणाऱ्या नळीची चावी बंद केली. दोन तास गेले, पाणी रेघेवरच. चावी उघडली, तर पुढच्या दोन तासांत एक बोट खाली. "टाकीच हाय," तो पुटपुटला. "वैनी, जरा हळद द्या."

आतून कस्तुराबाई ओरडली, "आरं, खंडोबाचा भंडारा घालता व्हय रं संडासात?"

"नाय आत्याबाई, सैपाकाच्या डब्यातली हाय!"

कचरूनं झाकण उघडून हळद टाकली, आणि कुणी फ्लश न करताच कमोडात पिवळी धार उतरायला लागली. दोऱ्याएवढी बारीक. ओल्या भांड्यावर ती एरवी कुणाला दिसणार? मग त्यानं टाकीत हात घातला आणि झिजलेली, भिजलेली अर्धी वीट बाहेर काढली. तिचा चुरा टाकीच्या तळाचं भोक झाकणाऱ्या रबराखाली अडकला होता. रबर बसतच नव्हतं. दिवसरात्र माझं पाणी तिथून चाललं होतं.

"ही कुणी घातली?" कचरूनं विचारलं.

कस्तुराबाई भिंतीला धरून दारात आली होती. "म्याच. शेजारची केसरबाई म्हनली, टाकीत ईट ठिवली की तेवढं पानी वाचतं." विटेकडं बघत तिनं विचारलं, "हनुमान, किती गेलं रं पानी?"

"लई नाय, आई. दोन-चार बादल्या."

खोटं! साफ खोटं. किती गेलं ते माझ्याशिवाय कुणाला माहीत? पण मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला बोलता येत नाही याचं बरं वाटलं.

कचरूनं रबर धुऊन बसवलं, आणि विटेच्या जागी पाण्यानं भरलेली बाटली बूच घट्ट लावून ठेवली. शालूनं माठातून तांब्या भरला. हनुमान तहानलेला होता, कचरू घामानं निथळत होता. ती दोघांना ओलांडून सासूपुढं जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, आधी तुमी. मग आमी."

कस्तुराबाईनं सवयीनं सगळ्यांकडं बघितलं. शालू हलली नाही. मग म्हातारीनं तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. इतकी वर्षं मी तिच्या घरात आहे. तिला सगळ्यांच्या आधी पाणी पिताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी थकलोय आता. बुडाला चीर जायला आलीय, भंगारवाला कधीही येईल. जायच्या आधी एवढं ऐका. पाणी जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. जपाच. पण घरातलं म्हातारं माणूस पाणी पितंय का, तेही बघा. त्यांना विचारू नका, पितो म्हणतील. तांब्या भरून समोर उभे राहा, आणि तो रिकामा होईपर्यंत हलू नका.