सख्ख्या भावाचे शब्द

डेपोच्या फाटकात शिरताच ड्रायव्हरला कळलं, आज आपली धडगत नाही. रोज बाकावर सरकून त्याला जागा देणारे आज ढिम्म बसून होते. मेकॅनिकने पेपर त्याच्या छातीवर आपटला.

"वाच! तुझा दादा डेपोला टाळं ठोकायला निघालाय. आणि साक्षीदार कोण, तर तू!"

लेख दादाचाच. वर फोटो, हनुवटीखाली हात. 'बससेवा खासगी कंपनीला द्यायची, की लेकरांची प्रेतं उचलायची? अक्कल असलेल्या प्रत्येकाला उत्तर माहीत आहे.' आणि मधोमध, जाड ठशात: '"सकाळी ब्रेक सैल लागतो..." हे माझ्या सख्ख्या भावाचे शब्द. तो याच डेपोत ड्रायव्हर आहे.'

रविवारी दादाकडे जेवताना तो हे बोलला होता खरा. पण पुढे असंही म्हणाला होता, की सैल लागला तर आम्ही गाडी फाटकाबाहेर काढतच नाही. तेवढं दादाने घासाबरोबर गिळलं होतं.

ड्युटी संपवून तो थेट दादाच्या घरी धडकला.

"माझं पुढचं बोलणं कुठंय?"

"जागा नव्हती रे. आणि खोटा शब्द एक तरी दाखव."

"फोटोला बरी जागा होती! आणि कंपनीला द्या नाहीतर पोरं मरतील, हे काय? वर्षभर आम्ही ब्रेकचे सुटे भाग मागतोय, ते द्या ना! ही वाट तुला दिसत नाही, की दाखवायची नाही? वर अक्कल असलेल्यांना म्हणे माहीत आहे. म्हणजे नाही म्हणेल तो बिनडोक!"

"अरे, लेख आहे तो, पंचनामा नव्हे. वाचकाला हलवावं लागतं."

"हलवतोय तुझा बाप!" म्हणता म्हणता त्याची जीभ अडखळली. बाप दोघांचा एकच. याच डेपोत राबून मेला, आणि त्याच पगारावर दादा शिकला.

वहिनी पाणी घेऊन आल्या. "भावजी, हळू. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत! माणसं रस्त्यावर आणशील, दादा. ती सोडणार नाहीत तुला!"

दादाने मान खाली घातली. ड्रायव्हरला वाटलं, लागलं कुठंतरी.

लागलं कसलं! पुढच्याच लेखात छापून आलं: 'खरं लिहिलं की घरात घुसून धमक्या मिळतात. "सोडणार नाहीत तुला!" म्हणे. अशा माणसांच्या हाती आपण आपली मुलं देतो.' या वेळी सख्खा भाऊ नव्हता. नुसता 'डेपोतला एकजण' होता.

"आता तरी त्याच्यापुढे तोंड उघडू नकोस," मेकॅनिक म्हणाला.

"मग लिहील, भावाकडे उत्तरच नव्हतं."

मेकॅनिक कडू हसला आणि बाकावर जरासा सरकला. ड्रायव्हर बसला नाही. गाडीत चढून त्याने इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबला. सैल. पुन्हा दाबला. सैलच. त्याने इंजिन बंद केलं आणि गाडी फाटकाच्या आत उभी ठेवली, वर्षानुवर्षं ठेवत आला होता तशी.

फाटकाबाहेरच्या थांब्यावर रांग खोळंबली. तिच्यातला एकजण पेपरची घडी फडकवत ओरडला, "बघा! लिहिलंय त्यात एक शब्द खोटा नाही!"